आधी मेंदी, मग हळद, मधेच स्पायडरमॅन

भिवंडीत तोंड रंगवायची साधने पूर्वी दोनच होती. एक पान, दुसरी हळद. पानाने तोंड आतून रंगे, हळदीने बाहेरून. पानाला मुहूर्त लागत नसे. हळदीला लागे, पण लग्नसराईत तो एक दिवसाआड सापडे. या दोहोंवर गाव सुखात होते. मग कुठूनशी ‘थीम’ नावाची गोष्ट आली आणि वाढदिवसाला नुसते नवे कपडे घालून जाणे गावंढळपणाचे ठरले.

आता आमंत्रण येते ते असे : ‘आमच्या लाडक्याचा पाचवा वाढदिवस. थीम : जंगल सफारी. आपली उपस्थिती हाच आहेर.’ यातले शेवटचे वाक्य कोणी खरे मानत नाही, मधले मात्र सगळे मानतात. त्यामुळे कामतघरपासून पद्मानगरपर्यंत घरोघरी एकाच संध्याकाळी वाघ तयार होऊ लागतात. गालांवर रंगाने काढलेले पट्टे, दंडावर टॅटूचा नाग आणि हनुवटीवर स्पायडरमॅन. जंगलात स्पायडरमॅन कशाला, असे विचारू नये. पाकिटात तो आलेला असतो आणि त्याचे पैसे भरलेले असतात.

हे पाकीट मागवायचे ऑनलाइन. इथे भिवंडीकराची एक खास अडचण आहे. मुंबई-ठाण्याला घरपोच जाणाऱ्या मालापैकी केवढा तरी माल आमच्याच तालुक्यातल्या गोदामांत झोपलेला असतो. मानकोली, राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर, जिकडे पाहाल तिकडे पत्र्याची छपरे. म्हणजे आपला वाघ आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण त्याला आपल्याकडे यायचे तर त्याच्या रीतीने, शिक्के खात यावे लागते. मानकोलीचा माल बांद्र्याला उद्या सकाळी पोचतो आणि धामणकर नाक्याला परवा संध्याकाळी, कारण मधे अंजूर फाटा आहे. जंगल सफारी खरी तिथेच होते.

पाकीट उघडले की आत तीन वस्तू निघतात : पाण्याने चिकटवायच्या टॅटूंचे दोन कागद, आठ रंगांची एक डबी आणि एक माहितीपत्रक. माहितीपत्रकावर टॅटू कसा चिकटवावा याची चार चित्रे आणि रंग कसा लावावा याची चार चित्रे असतात. दोन्ही एकाच तोंडावर लावायचे तर आधी काय आणि नंतर काय, याचे चित्र मात्र नसते. जगातल्या बहुतेक भांडणांचे मूळ इथेच आहे. प्रत्येक पक्षाला आपापला विधी पाठ असतो, क्रम कोणीच ठरवलेला नसतो.

मग घरातली मोठी माणसे आपल्या अकलेने क्रम लावतात, आणि अक्कल नेहमी सांगते की आधी भिंत रंगवावी आणि मग तिच्यावर चित्र टांगावे. म्हणून आधी वाघ होतो. पिवळा हात, त्यावर काळे पट्टे, नाकाला गुलाबी ठिपका. आता वाघाच्या हनुवटीवर स्पायडरमॅन चिकटवायचा. टॅटूचा कागद उलटा ठेवून वरून ओले फडके दाबायचे असते, साधारण अर्धा मिनिट. वाघ पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा असतो. अर्ध्या मिनिटात फडके पिवळे होते, पट्टे गळ्याकडे निघतात आणि कागद उचलावा तर स्पायडरमॅनने कातडीऐवजी रंगाला मिठी मारलेली असते. तो अर्धा कागदावर राहतो आणि अर्धा हनुवटीवर एका पायाने लोंबकळतो. वास्तविक लोंबकळणे हा त्याचा धंदाच, पण वाढदिवसाच्या मुलाला ते पटत नाही. तो रडतो. रडण्याने उरलेला वाघ उतरतो.

हा प्रश्न आमच्या आळीत सुटला तो एका निवृत्त मेहताजींमुळे. हयात त्यांनी ग्रे कापडाचे तागे मोजण्यात घालवली. पोराच्या गालावर त्यांनी बोट फिरवले, बोटाला लागलेले खोबरेल तेल पाहिले आणि निकाल दिला : “अहो, हा तागा खळीसकट आहे. यावर रंग बसेल कसा?” भिवंडीत हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मागावर तुटू नयेत म्हणून ताण्याच्या सुतांना साइझिंगमध्ये खळ देतात. कापड विणून झाले की प्रोसेस हाऊसवाला आधी ती खळ धुऊन काढतो आणि मगच रंगाला हात घालतो. खळ राहिली तर रंग डाग धरतो. मेहताजींच्या मते माणसाचा चेहरा हा खळ दिलेला ताणा आहे. सकाळचे तेल, दुपारची क्रीम आणि संध्याकाळचा घाम, अशी तीन थरांची खळ. ती साबणाने उतरवा, तोंड कोरडे करा, मग टॅटू लावा. तो सुकला की त्यावर बोटभर पावडर टेकवा म्हणजे चिकटपणा आणि चकाकी दोन्ही जातील. आणि रंग? रंग सगळ्यांत शेवटी, टॅटूच्या कडेकडेने, जेमतेम ओल्या स्पंजाने.

मेहताजींनी हे सगळे न शिकता सांगितले, आणि त्यात विज्ञानाची कुठेही चूक नाही. हा टॅटू म्हणजे शाई आणि गोंद यांचा पातळ पापुद्रा. कागदावर तो उलटा छापलेला असतो, वर गोंदाचा थर. पाणी कागदातून आत शिरते, कागद आणि पापुद्रा यांच्यामधला थर विरघळतो, कागद सुटतो आणि पापुद्रा गोंदाच्या बाजूने कातडीला धरतो. गोंदाला पाण्याची भीती नाही, तेलाची आहे. म्हणूनच तो दोन-चार आंघोळी सहज काढतो आणि खोबरेलाच्या चमचाभरात शरण येतो. दाढीचे खुंट असले तर पापुद्रा कातडीऐवजी खुंटांना धरतो आणि काढताना बापाला आपण कोणाचे बाप आहोत ते आठवते.

आता घरच्या प्रिंटरवर छापायचा टॅटूचा कागदही मिळतो, आणि तो मिळाल्यापासून गल्लीत कलावंत वाढले आहेत. या कागदावर अक्षरे आरशातली छापावी लागतात, तेव्हा ती कातडीवर सुलटी उतरतात. एका मंडळाच्या कार्यकर्त्यांनी शिवजयंतीला हे न करता ‘जय महाराष्ट्र’ छापले आणि पंधरा गालांवर डकवले. मौज अशी की सेल्फी घेताना फोनचा पडदा आरशाचे काम करतो. त्यामुळे पंधराही जणांना आपापल्या फोनमध्ये ‘जय महाराष्ट्र’ अगदी शुद्ध वाचता येत होते. उर्वरित भिवंडीला ते कुठल्या लिपीत आहे हे कळत नव्हते, आणि या गावात तर मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी, गुजराती या सगळ्यांचे वाचक आहेत. प्रत्येकाला वाटले, ही दुसऱ्या कोणाची तरी भाषा असणार. सलोखा राहिला.

तेलाचे हे गणित आपल्याला नवे नाही. धुळवडीच्या सकाळी आई पोराला नखशिखांत तेल चोपडते ते रंग बसू नये म्हणून. तीच आई वाढदिवसाच्या संध्याकाळी पोराचे तोंड ‘छान दिसावे’ म्हणून तेलाच्या हाताने पुसते आणि मग रंग का बसत नाही म्हणून दुकानदाराला नावे ठेवते. एकाच घरात, एकाच बाटलीतले तेल मार्चमध्ये रक्षक आणि मेमध्ये भक्षक, हे लक्षात कोण ठेवणार?

ठेवले होते. आपल्या लग्नघरातल्या बायकांनी ठेवले होते. मेंदी आणि हळद हा पाण्याने न जाणारा टॅटू आणि तोंडावरचा रंग यांचा जोडकार्यक्रम आहे, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. मेंदी आधी, हळद नंतर. मेंदीतला लॉसोन हा रंगद्रव्याचा कण कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनला धरून बसतो. त्याला कातडी कोरडी लागते. शिवाय त्याला घाई खपत नाही. पहिल्या दिवशी तो केशरी असतो आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. म्हणून मेंदी लग्नाच्या आधी काढतात, वर लिंबू-साखरेचे पाणी लावतात, लवंगेचा धूर देतात. हळद मात्र तेलात कालवलेली. ती आधी लागली असती तर नवरीच्या तळहातावर मेंदीऐवजी नुसती अफवा उमटली असती. एकाही मावशीने लॉसोनचे नाव ऐकले नव्हते. त्यांना फक्त हे माहीत होते की आधी हळद लावली तर मेंदी रंगत नाही, आणि मेंदी रंगली नाही तर सासूचे प्रेम कमी आहे असा अर्थ निघतो. एवढा मोठा धाक असल्यावर प्रयोगशाळेची गरज काय?

भिवंडी तालुक्यातली आगरी हळद ज्याने पाहिली नाही त्याने रंग पाहिला नाही. लग्नाला न आलेला माणूस एक वेळ माफ होतो, हळदीला न आलेला होत नाही. एके काळी धवलारीण धवले गाई आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकत. ती अजूनही कुठे कुठे गाते, पण तिच्या शेजारी आता कंबरेइतक्या उंचीचे आठ स्पीकर असतात. हळदीच्या डावात हात घातला की नवरा कोण, पाहुणा कोण, केटरिंगवाला कोण, हा भेद राहत नाही. नवऱ्याच्या अंगाला लागलेली हळद नवरीकडे जाते, तिला उष्टी हळद म्हणतात. चेहरा रंगवण्याचे जागतिक शास्त्र सांगते की एकाचा स्पंज दुसऱ्याला वापरू नये, नाहीतर त्वचेचे आजार पसरतात. आमच्याकडे पहिल्याच दिवशी दोन घराण्यांचा रंग एक करून टाकतात. पुढे जे पसरायचे ते पसरो.

या हळदीत हल्ली टॅटू शिरला आहे. करवल्यांच्या गालावर सोनेरी अक्षरांत ‘टीम नवरी’, पोरांच्या दंडावर ‘नवरदेवाचा भाऊ’. फोटोच्या वेळी फार शोभून दिसते. मग हळद सुरू होते. हळदीतले तेल गोंदाशी बोलू लागते आणि अक्षरे एकेक करून मांडव सोडतात. अशाच एका हळदीत रात्री दहाच्या सुमारास एका करवलीच्या गालावरचा ‘न’ गळाला आणि ‘टीम वरी’ उरले. नवरीचे वडील हिशेबाची वही घेऊन बाजूलाच बसले होते. तो टॅटू खरा त्यांच्या गालावर हवा होता.

तिथेच एक आजी बसल्या होत्या. कपाळावर आणि हातांवर हिरवट गोंदण, वय विचारायची सोय नाही. नातवाच्या दंडावरचा विंचू त्यांनी निरखला, ओल्या बोटाने घासला आणि विचारले, “यो किती दिस ऱ्हातंय?” नातू म्हणाला, “चार दिवस, आजी.” आजी म्हणाल्या, “मंग त्यापरीस चुना लाव.” मेल्यावर सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे मानणाऱ्या पिढीला चार दिवसांचा विंचू हा केवळ आळस वाटतो. पण नातवाची बाजूही ऐकायला हवी. पुढच्या रविवारी त्याला दुसऱ्या हळदीला जायचे होते आणि तिथे थीम वेगळी होती.

तोंडाला रंग लावण्याची लाज मराठी माणसाला कधी नव्हती. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि पुढे गावोगावच्या नाटक मंडळ्यांतून रंगवलेले राक्षस आरोळ्या ठोकत फिरू लागले. पंढरपुरात आणि आळंदीत आजही पोरे हातात गंधाची वाटी आणि धातूचा ठसा घेऊन उभी असतात. तुम्ही नाही म्हणेपर्यंत तुमच्या कपाळावर टिळा उमटलेला असतो आणि पुढचा तळहात पैशांसाठी पसरलेला असतो. चेहरा रंगवण्याचा याहून जलद उद्योग जगात नसेल. केरळात त्रिशूरला ओणमच्या चौथ्या दिवशी पुलिकळी असते. माणसे पोटावर वाघाचे तोंड रंगवून घेतात, त्यात पक्का रंग नि वार्निश वापरतात, तासन् तास उभे राहतात आणि शेवटी रॉकेलने अंग पुसतात. त्यामानाने आमचे वाघ सौम्य. फक्त त्यांचे एक वैशिष्ट्य त्रिशूरलाही नाही. यंत्रमागाच्या आळीत हवेत कापसाचा तूस तरंगत असतो. ओल्या रंगाचा वाघ खिडकीत पाच मिनिटे उभा राहिला की त्याला खरी लव फुटते. सिनेमावाले यासाठी लाखो रुपये मोजतात.

शाळेतली वेशभूषा स्पर्धा ही या कलेची दहावीची परीक्षा. पूर्वी तिथे टिळक, भारतमाता आणि टोमॅटो एवढेच उमेदवार असत. टिळकांच्या मिशा काजळाने काढत, टोमॅटोला तेवढेही लागत नसे. शिवाजी महाराजांची दाढी पेन्सिलने काढली की पालकांचे कर्तव्य संपे. आता दाढीचाही टॅटू मिळतो. गोकुळाष्टमीला मात्र संकट निळे असते. दहा मिनिटांत कृष्ण हवा असतो आणि घरात निळा रंग कपड्यांच्या निळीचा तरी असतो किंवा पोस्टर कलरचा तरी. दोन्ही तोंडाला लावू नयेत. पोस्टर कलरच्या बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असते, पण त्याचा अर्थ एवढाच की मुलाने चुकून थोडा चाटला तर विषबाधा होणार नाही. तासभर गालावर वाळू द्यावा, असे त्या बाटलीने कुठेही म्हटलेले नाही. हस्तकलेची चमकीही तशीच. कागदी तोरणावर ती शोभते, पापणीवर लावली तर कण डोळ्यात जातात आणि कृष्णाला यशोदेऐवजी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे लागते.

एवढ्या रंगांत एक गोष्ट अशी आहे की तिथे विनोद थांबवावा. चाँदरातीला तीनबत्तीच्या बाजारात आणि लग्नसराईत जिथे तिथे मेंदीचे कोन घेऊन बसलेल्या मुली दिसतात. त्यांच्या हाताचा वेग पाहत राहावा असा असतो. पण ‘दहा मिनिटांत काळीभोर’ असे सांगून विकला जाणारा कोन आला की हात मागे घ्यावा. खरी मेंदी काळी नसते आणि दहा मिनिटांत चढत नाही. त्या काळेपणासाठी केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन घातलेले असते. त्याने कातडीवर फोड येतात, नक्षीच्या रेघेरेघेवर. आणि एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरले की ते जन्मभर राहू शकते. आठव्या वर्षी हातावर काढलेल्या काळ्या नक्षीचा हिशेब पन्नाशीत केस रंगवताना चुकता होतो. इतकी जुनी थकबाकी तर व्यापारीही सोडून देतात.

आता राहिला उतरवण्याचा कार्यक्रम. याचाही क्रम आहे आणि तो लावण्याच्या बरोबर उलटा. आधी रंग, साबण-पाण्याने. मग टॅटू, खोबरेल तेलाने : दोन मिनिटे तेल मुरू द्यायचे आणि कापसाने हलके पुसायचे. नखाने खरवडले तर नागाबरोबर साल निघते. पण भिवंडीत याच्याही आधी एक पायरी आहे, ती कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. नळाला पाणी किती वाजता येते ते पाहावे. वाघ संध्याकाळी सातला रंगवला आणि पाणी पहाटे चारला येणार असले, तर त्या घरात रात्रभर वाघ असतो. सकाळी उशीचा अभ्रा पिवळा, त्यावर काळे पट्टे. अभ्रा आता दुसऱ्या जंगल सफारीला घेऊन जाता येतो.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या महिन्यात थीम आहे त्यांच्यासाठी एवढेच. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावून पाहा. खाज आली तर वाघ रद्द करा, पोराला टोमॅटो करा, तोही नुसत्या कपड्यांचा. पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव, घटक आणि मुदत छापलेली नसेल तर ते पाकीट परत गोदामात जाऊ द्या. तोंड धुवा, पुसा, टॅटू लावा, पावडर टेकवा, मग रंग, आणि तेलाची बाटली पाहुणे गेल्यावरच बाहेर काढा. एवढे लक्षात राहत नसेल तर घरातल्या वयस्कर बाईला विचारा की मेंदी आधी की हळद. ती तुमच्याकडे कीव करून पाहील, पण उत्तर अचूक देईल.